दाखल होणे गरजेचे होते काय? – आरोग्य विम्यातील एका प्रश्नाचा अभ्यास

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षी आषाढात एका मंगळवारी रात्री आमच्या आप्पांच्या छातीत दुखू लागले. शहापुरातले आमचे किराणा दुकान बंद करून ते नुकतेच घरी आले होते. अंगाला घाम फुटला होता आणि डावा हात जड झाल्याचे ते सांगत होते. आप्पांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. शेजारच्या काकांच्या गाडीतून आम्ही त्यांना रुग्णालयात नेले, तेव्हा बारा वाजत आले होते. डॉक्टरांनी तपासून लगेच दाखल करून घेतले. रात्रभर छातीला यंत्राच्या वायरी लावलेल्या होत्या. पाळीवरच्या नर्सबाई मधून मधून येऊन आईला "हेदरब्याडरी, हेदरब्याडरी", म्हणजे घाबरू नका, असे सांगत होत्या. गुरुवारी सकाळी अकराला आप्पांना घरी सोडले. हृदयविकाराचा झटका नव्हता. देवाची कृपा म्हणून आम्ही घरी आलो आणि ३१,४५० रुपयांचे बिल विमा कंपनीकडे पाठवून दिले.

पाच आठवड्यांनी इंग्रजीत पत्र आले. त्याचा आशय असा : रुग्णाची प्रकृती सर्व काळ स्थिर होती, दाखल करण्याचा हेतू मुख्यतः तपासण्या करणे हा होता, हे काम बाह्यरुग्ण विभागात होण्यासारखे होते, सबब दावा नामंजूर. मी ते आप्पांना मराठीत वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी सोंग केलं म्हणतात काय गं ते?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. विमा हा आमच्या अभ्यासक्रमातला विषय आहे. त्यात मला चांगले गुण आहेत. तरीही घरी आलेले एक पत्र मला उलगडेना. पुढील दीड महिना मी पॉलिसीची पुस्तिका, विमा नियामकांची परिपत्रके आणि आप्पांचे केस पेपर समोर ठेवून वाचले. त्या वाचनातून जे हाती लागले, ते विद्यार्थिमित्रांसमोर ठेवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न मुळात का उद्भवतो?

विमा हा क्षतिपूर्तीचा करार आहे हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो. अनेकांनी थोडे थोडे भरावयाचे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याचे नुकसान त्या सामाईक निधीतून भरून द्यावयाचे, हे त्याचे तत्त्व. आगीच्या विम्यात संकट डोळ्यांना दिसते. गोदाम जळाले किंवा जळाले नाही. आजाराच्या विम्यात मात्र संकट कोणते आणि खर्च कोणता, याचा निर्णय एका तिसऱ्याच माणसाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, मतावर अवलंबून असतो. आणि त्या मताप्रमाणे होणाऱ्या खर्चात रुग्णालयाचेही उत्पन्न असते.

आपल्याकडे आरोग्य विम्याची सर्वसामान्यांसाठी सुरुवात झाली ती १९८६ साली, जेव्हा सरकारी मालकीच्या चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' पॉलिसी आणली. तेव्हापासून या विम्याचा मुख्य आधार 'रुग्णालयात दाखल होणे' हाच राहिला आहे. दवाखान्यात जाऊन तपासून घेतले, गोळ्या आणल्या, तर तो खर्च बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. दाखल झाल्यास मिळतो. या भेदामुळे दाखल होण्याचा मोह निर्माण होतो. "नुसते तपासून घेतले तर पैसे मिळणार नाहीत, एक रात्र राहा", हा सल्ला आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल.

या मोहाची किंमत कोण देतो, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, एक हजार कुटुंबे वर्षाला प्रत्येकी १२,००० रुपये हप्ता भरतात. निधी झाला १ कोटी २० लाख. आता समजा, त्यांपैकी चाळीस जण गरज नसताना एकेक रात्र दाखल झाले आणि प्रत्येकी ३०,००० रुपये मिळाले. ही रक्कम होते १२ लाख. म्हणजे प्रत्येक कुटुंबाच्या हप्त्यातील १,२०० रुपये या कामी गेले. पुढील वर्षी हप्ता वाढतो तो सर्वांचा. तेव्हा 'दाखल होणे गरजेचे होते काय' हा प्रश्न विचारण्याचा कंपनीला अधिकार आहे, किंबहुना इतर विमेदारांच्या वतीने ते तिचे कर्तव्य आहे. वाद आहे तो हा प्रश्न कोणत्या कसोटीवर सोडवावयाचा याबद्दल.

चोवीस तासांची अट

पुष्कळांची समजूत अशी की, चोवीस तास काढले म्हणजे दावा पक्का. ही समजूत अर्धवट आहे. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या व्याख्येप्रमाणे 'रुग्णालयात दाखल होणे' म्हणजे आंतररुग्ण म्हणून सलग किमान चोवीस तास राहणे, हे खरे. परंतु ही केवळ पहिली पायरी आहे. आप्पा पस्तीस तास रुग्णालयात होते, तरी दावा फेटाळला गेला.

उलट बाजूने, चोवीस तास न राहताही दावा मिळू शकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, डायलिसिस, केमोथेरपी असे उपचार पूर्वी दिवसच्या दिवस घेत. आता तंत्र सुधारल्यामुळे काही तासांत होतात. त्यांना 'डे केअर' उपचार म्हणतात व त्यांस चोवीस तासांची अट लागू नाही. वडोदरा येथील ग्राहक आयोगापुढे असेच एक प्रकरण आले होते. रुग्ण महिलेला चोवीस तासांच्या आत घरी सोडले होते, म्हणून कंपनीने दावा नाकारला होता. २०२३ साली आयोगाने तिच्या पतीच्या बाजूने निर्णय दिला. नवी औषधे व नवे उपचार आल्यामुळे रुग्णाला पूर्वीइतके दिवस ठेवावे लागत नाही, हे आयोगाने लक्षात घेतले. घड्याळ हे गरजेचे माप होऊ शकत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे.

'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक' म्हणजे काय?

खरी कसोटी पॉलिसीच्या व्याख्यांच्या भागात असते. ही पाने आमच्या घरी कोणी उघडलीच नव्हती. 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार' याची व्याख्या सर्व कंपन्यांना एकच ठरवून दिलेली आहे. उपचार, तपासण्या, औषधे, रुग्णालयातील वास्तव्य किंवा त्या वास्तव्याचा काही भाग, या सर्वांना ती लागू होते. तिची चार अंगे अशी :

(१) विमेदारास झालेल्या आजाराच्या किंवा दुखापतीच्या उपचारासाठी ते जरूर असले पाहिजे.

(२) सुरक्षित, पुरेसा व योग्य उपचार होण्यास जेवढे लागते, त्याहून ते व्याप्तीने, कालावधीने किंवा तीव्रतेने अधिक असता कामा नये.

(३) ते वैद्यकीय व्यावसायिकाने सांगितलेले असले पाहिजे.

(४) आंतरराष्ट्रीय वैद्यकीय व्यवहारात किंवा भारतातील वैद्यकीय क्षेत्रात सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या दर्जाशी ते जुळले पाहिजे.

ही चारही अंगे एकत्र हवीत. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, 'डॉक्टरांनी सांगितले' हे चारांपैकी फक्त एक अंग आहे. तेवढ्यावर भागत नाही. दुसरी, वास्तव्याचा 'काही भाग' असे शब्द असल्यामुळे पाच दिवसांपैकी तीन दिवस आवश्यक आणि दोन अनावश्यक, असाही निर्णय होऊ शकतो. आजाराच्या नावावरून मात्र काहीच ठरत नाही. टायफॉइडचा एक रुग्ण गोळ्या घेऊन घरी बरा होतो; दुसऱ्याच्या पोटात पाणी टिकत नाही, त्याला शिरेतूनच औषध द्यावे लागते. आजार एकच, पण दुसऱ्याला दाखल करणे आवश्यक आहे आणि पहिल्याला नाही.

याच्या जोडीला एक अपवर्जन, म्हणजे विम्याच्या कक्षेतून वगळलेली बाब, आहे. २०१९ साली नियामकांनी अशा बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील चौथ्या क्रमांकाप्रमाणे, जे दाखल होणे मुख्यतः केवळ निदान व तपासणी यांसाठीच असेल, त्याचा खर्च मिळत नाही. आमच्या पत्रात याच कलमाचा आधार घेतला होता. कलमातील 'मुख्यतः' आणि 'केवळ' हे शब्द मात्र पत्र लिहिणाऱ्याने फारसे मनावर घेतलेले दिसले नाहीत. कंबर दुखते म्हणून एम.आर.आय. काढण्यासाठी एक रात्र राहणे निराळे आणि जिवाला धोका असू शकतो म्हणून देखरेखीखाली ठेवून तपासण्या करणे निराळे. दुसऱ्या प्रकारात तपासणी हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

कोणत्या घटकेवरून ठरवावयाचे?

माझ्या मते सर्व वादाचे मूळ येथे आहे. कंपनीच्या तपासनिसापुढे फाइल येते तेव्हा तिच्या शेवटच्या पानावर निकाल लिहिलेला असतो : 'झटका नाही. प्रकृती स्थिर.' शेवट ठाऊक असलेल्या माणसाला सुरुवातीची धावपळ अनावश्यक वाटू लागते. पण मंगळवारी मध्यरात्री डॉक्टरांसमोर ते शेवटचे पान नव्हते. त्यांच्यासमोर होता छातीत दुखणारा, घामाघूम झालेला, मधुमेही, बावन्न वर्षांचा माणूस.

आमच्या डॉक्टरांना मी नंतर विचारले, की पहिला ई.सी.जी. चांगला होता तर घरी का सोडले नाही? त्यांनी समजावून सांगितले ते असे. झटका येत असतानाही पहिला ई.सी.जी. निर्दोष येऊ शकतो, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात ट्रोपोनिन नावाचे द्रव्य वाढते, पण ते वाढण्यास काही तास जातात. म्हणून एकदा रक्त तपासून भागत नाही. काही तासांनी ते पुन्हा तपासावे लागते. मधुमेह्यांमध्ये लक्षणे फसवी असू शकतात. या मधल्या तासांत हृदयाचे ठोके बिघडल्यास उपचार मिनिटांत व्हावा लागतो, आणि तो शहापुरातल्या आमच्या घरी झाला नसता. 'धोका नव्हता' हे गुरुवारी कळले. मंगळवारी 'धोका नाही' असे म्हणणे शक्य नव्हते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत वृद्धांसाठी १९६५ सालापासून मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. तिथेही रुग्णाला आंतररुग्ण मानावे की नुसता 'निरीक्षणाखाली' ठेवलेला बाह्यरुग्ण मानावे, यावर मोठे वाद झाले. २०१३ साली तिथे 'दोन मध्यरात्रींचा' नियम आला. रुग्णाला दोन मध्यरात्री ओलांडून राहावे लागेल अशी डॉक्टरांची सयुक्तिक अपेक्षा असेल आणि तिला कागदपत्रांचा आधार असेल, तर दाखल करणे सर्वसाधारणपणे योग्य मानावे, असा तो नियम आहे. त्यालाही दोष आहेत; मध्यरात्र मोजणे हे तास मोजण्याचेच दुसरे रूप आहे. परंतु त्यात 'अपेक्षा' हा शब्द महत्त्वाचा आहे. दाखल करताना डॉक्टरांना काय ठाऊक होते आणि त्यावरून त्यांनी काय अपेक्षिले, याला तिथे वजन दिलेले आहे. आपल्या व्याख्येत घटकेचा उल्लेख नाही. तो नसल्यामुळे पुढे कळलेल्या गोष्टीवरून मागचा निर्णय तपासण्याची वाट मोकळी राहते.

करारातील संदिग्ध शब्दाचा अर्थ तो करार लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व व्यापारी कायद्यात आपण शिकतो. विमापत्राच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते १९६६ सालीच मान्य केले आहे. विमापत्र कंपनी लिहिते. विमेदार फक्त सही करतो. तेव्हा 'आवश्यक' हा शब्द कोणत्या घटकेपासून वाचावयाचा असा संशय असेल, तर तो दाखल होण्याच्या घटकेपासून वाचणे न्याय्य होईल, असे मला नम्रपणे वाटते.

निर्णय कागदावर होतो

दावा तपासणारा डॉक्टर रुग्णाला कधीच पाहत नाही. बहुधा टी.पी.ए., म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था, कागद पाहून शिफारस करते. म्हणून कागदात जे नाही ते घडलेच नाही, असे होऊन बसते.

आमच्या बाबतीत हेच झाले होते. कंपनीकडे आम्ही डिस्चार्ज कार्ड आणि बिले पाठवली होती. कार्डावर होते : 'छातीत दुखणे, तपासणीसाठी दाखल, प्रकृती स्थिर.' घाईत लिहिलेल्या या ओळीत 'तपासणीसाठी' हा शब्द पडला आणि त्यानेच घात केला. रात्रीच्या केस पेपरवर मात्र सर्व काही होते : घाम, डाव्या हाताकडे जाणारी कळ, मधुमेहाची नोंद, वाढलेला रक्तदाब, तीन वेळा काढलेला ई.सी.जी., दोन वेळा तपासलेले ट्रोपोनिन, दिलेली औषधे, दर तासाची नर्सची नोंद. हे कागद आम्ही मागितलेच नव्हते. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत वैद्यकीय नोंदी दिल्या पाहिजेत, असा डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचा २००२ सालचा नियम आहे. हे मला या निमित्ताने समजले.

दावा फेटाळल्यास काय करावे?

(१) नामंजुरीचे कारण पॉलिसीच्या नेमक्या कलमासह लेखी मागावे. नियामकांच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीच्या दावा पुनरीक्षण समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळता येत नाही, व कारण कलमासह कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे.

(२) केस पेपर, नर्सच्या नोंदी, सर्व अहवाल यांच्या प्रती घ्याव्यात. दाखल का केले, याचे प्रमाणपत्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून घ्यावे. त्यात दाखल करतेवेळची लक्षणे, कोणत्या धोक्याची शंका होती, आणि घरी ठेवणे सुरक्षित का नव्हते, हे तीन मुद्दे असावेत.

(३) कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लेखी निवेदन द्यावे. व्याख्येची चार अंगे घेऊन प्रत्येकापुढे आपला पुरावा मांडावा. रागाची भाषा टाळावी.

(४) एक महिन्यात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर न पटल्यास विमा लोकपालाकडे जावे. कर्नाटकासाठी हे कार्यालय बेंगळुरू येथे आहे. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांत लोकपाल निवाडा देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार केली पाहिजे.

(५) याशिवाय ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. तेथे मुदत दोन वर्षांची आहे.

शेवटी दोन शब्द

आम्ही तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो. निवेदन मी लिहिले. आमच्या विभागातील सरांनी ते तपासून त्यातील दोन कडक वाक्ये काढून टाकली. डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिले. तेविसाव्या दिवशी कंपनीने दावा मान्य केला. हातमोजे, नोंदणी शुल्क वगैरे पॉलिसीत न बसणाऱ्या बाबींचे १,६२० रुपये वजा करून २९,८३० रुपये आप्पांच्या खात्यावर जमा झाले. ती वजावट योग्य होती.

हा अभ्यास करताना एक विचार मनात राहिला. मी वाणिज्य शाखेत शिकते, घरी इंग्रजी वाचणारी मी एकटी आहे, कॉलेजात विचारायला प्राध्यापक आहेत. म्हणून आमचे काम झाले. आमच्या दुकानी येणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना असे पत्र आले तर ते घडी करून कपाटात ठेवतील. त्यांत मराठी बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत, उर्दू बोलणारे आहेत. आपल्या महाविद्यालयाच्या वाणिज्य मंडळाने महिन्यातून एक रविवार अशी पत्रे वाचून दाखवण्यासाठी व निवेदने लिहून देण्यासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. कन्नड विभागातील मित्रमैत्रिणींनीही यात सहभागी व्हावे. मी यावयास तयार आहे.

पैसे आले त्या दिवशी मी आप्पांना कंपनीचे दुसरे पत्रही मराठीत वाचून दाखवले. त्यांनी रक्कम विचारली नाही. "दाखल करायला पाहिजे होतं असं लिहिलंय ना त्यात?" एवढेच विचारले. तसे स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते. 'फेरविचारांती दावा मंजूर' एवढेच होते. त्याचा अर्थ तोच होतो, असे मी त्यांना सांगितले.